छोट्या संस्थेला जमणारं फोटो-व्हिडिओ एडिटिंग : दोन हंगाम वापरून मग लिहितेय

ओळखीच्या संस्थांमधले बरेच जण विचारतात की तुमच्या पोस्टर आणि व्हिडिओसाठी कोण माणूस ठेवलाय, पगार किती देता, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. माणूस कुणीच ठेवलेला नाही. वसतिगृहावरच्या ताई करतात, मी ऑफिसमधून शेवटचं एकदा बघते, बस.

आमची संस्था बीड जिल्ह्यातली, लहान. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याला निघाले, कुणी पश्चिम महाराष्ट्रात कुणी कर्नाटकात, की मुलांची शाळा सुटते, ती सुटू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृह चालवायचं हे आमचं काम. मार्च-एप्रिलला पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की आईबाप परत येतात. म्हणजे आमचं सगळं काम पाच-सहा महिन्यांत आणि त्याच पाच-सहा महिन्यांत फोटो, रिपोर्ट, देणगीदारांना पाठवायचे व्हिडिओ, पालक मेळाव्याचा फ्लेक्स, सगळं एकदम अंगावर येतं. मी हिशोब आणि रिपोर्टिंग बघते. डिझाइन कुठं शिकलेले नाही, आणि हे लिहितेय ते पण अशाच लोकांसाठी ज्यांनी शिकलेलं नाही पण करावं लागतं.

आधी काय व्हायचं ते सांगते कारण अजून कित्येक संस्थांत तेच चालू आहे. साधं पत्रक करायचं तरी तालुक्याला डीटीपीवाल्याकडे जायचं, तो श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करणार, आपण शेजारी बसून चुका काढणार, दोन फेऱ्या होणार, आणि पुढच्या वर्षी फक्त तारीख बदलायची असली तरी फाईल आपल्याकडे नाही आणि असली तरी उघडायला ते सॉफ्टवेअर नाही. श्रीलिपीतला मजकूर कॉपी करून मोबाईलवर घेतला की सगळी गिचमिड चिन्हं येतात, कारण तो युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरला कळणाऱ्या पद्धतीतला, नसतो. दहा वर्षांची पत्रकं आमच्याकडे कागदावर आहेत, त्यातलं एक वाक्य पण परत वापरता येत नाही, नव्याने टाइप करावं लागतं.

मग मधे एकदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका दुकानदाराने एडिटिंगचं भारीतलं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकून दिलं. आम्हाला वाटलं सोय झाली. तीन महिन्यांनी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि दोन हंगामांचे फोटो लॉक झाले, एक पण उघडेना. त्यात काही मुलांचे शाळेत पहिल्या दिवशीचे फोटो होते, ते परत कुठून आणायचे. त्या दिवसानंतर क्रॅकचं सॉफ्टवेअर संस्थेत येणार नाही हे ठरलं ते ठरलंच. आणि खरं सांगायचं तर लोकांच्या पैशावर चालणारी संस्था चोरीचं सॉफ्टवेअर वापरते हे ऑडिटच्या वेळी कुणी विचारलं तर सांगणार काय.

तर आता मुद्द्यावर. आम्ही मुख्य वापरतो ते कॅनव्हा, पोस्टर-पत्रकं डिझाइन करायचं. हे ऑस्ट्रेलियातल्या कंपनीचं आहे, २०१३ पासून आहे, आणि नोंदणीकृत संस्थांसाठी त्यांची वेगळी योजना आहे ज्यात प्रो म्हणजे पैसेवालं व्हर्जन फुकट मिळतं आणि ५० जणांपर्यंत टीम करता येते. हे बऱ्याच संस्थांना माहितीच नाही! मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातले निम्मे लोक दर महिन्याला कुणाच्या तरी वैयक्तिक कार्डावरून पैसे भरत होते. अर्ज ऑनलाइन आहे, संस्थेची नोंदणी दाखवावी लागते, आम्ही धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र आणि १२ए म्हणजे आयकर खात्याचं नोंदणीपत्र लावलं. एकच काळजी घ्या, प्रमाणपत्रावर संस्थेचं नाव इंग्रजीत ज्या स्पेलिंगने आहे तेच स्पेलिंग अर्जात टाका. आमच्याकडे पॅनवर एक, वेबसाइटवर दुसरं आणि लेटरहेडवर तिसरं होतं, ते आधी एकसारखं करून घेतलं आणि मगच अर्ज भरला. शाळांसाठी त्यांची योजना वेगळी आहे, त्यामुळे ट्रस्ट एक आणि शाळा एक असं असेल तर कुठल्या नावाने अर्ज करायचा ते आधी ठरवा.

लोक म्हणतात फुकट आहे म्हणून चांगलं. माझं म्हणणं तसं नाहीये. फुकटच्या गोष्टी भरपूर आहेत. याच्यामुळे आमच्याकडे जे खरं बदललं ते हे की काम ऑफिसातून वसतिगृहावर गेलं. आधी ताई फोटो काढायच्या, व्हॉट्सॲपवर टाकायच्या, मी रात्री बसून त्यातले निवडायचे, आणि मला तर त्या मुलीचं नाव पण माहीत नाही, तिनं काय केलं ते माहीत नाही, मग मी आपलं "मुले अभ्यास करताना" असं लिहून मोकळी. आता ताई स्वतः मोबाईलवर पोस्टर करतात तर त्या लिहितात "आठवडाभर रडली, आज पहिल्यांदा स्वतःहून फळ्यापाशी आली". हे वाक्य मला ऑफिसात बसून कधीच सुचलं नसतं, कारण मी तिथं नव्हते.

ते जमायचं कारण म्हणजे टेम्पलेट, म्हणजे तयार साचा. मी एकदाच बसून सहा टेम्पलेट केले, लोगो, संस्थेचा रंग, खाली फोन नंबर आणि देणगीचा क्यूआर, हे सगळं लॉक करून ठेवलं म्हणजे चुकून बोट लागून सरकत नाही, फक्त फोटोची जागा आणि दोन ओळींची जागा मोकळी. ताई लिंक उघडतात, आपली कॉपी होते, फोटो आत ओढला की बरोब्बर चौकटीत बसतो, दोन ओळी लिहिल्या की झालं. पहिल्या दिवशी एका ताईंना अर्धा तास लागला, महिन्याभरात दहा मिनिटांवर आल्या. त्या दहावी झालेल्या आहेत आणि आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही, सगळं फोनवर. आता त्याच बाकीच्यांना शिकवतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे बल्क क्रिएट. हंगामाच्या शेवटी प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र देतो, नाव, गाव, इयत्ता. आधी कोऱ्या छापील कागदावर हाताने नावं लिहायचो, दोन दिवस जायचे आणि ज्याचं नाव खोडलं गेलं तो हिरमुसायचा. आता एक्सेलमध्ये यादी केली, ती चढवली, कुठला रकाना कुठल्या जागी ते दाखवलं की सगळी प्रमाणपत्रं एकदम तयार, पीडीएफ काढून छापायला द्यायची. इथं एक खाचखळगा आहे जो कुणी सांगत नाही. एक्सेलमधली यादी सीएसव्ही नावाच्या साध्या फाईलीत सेव्ह केली की मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. सेव्ह करताना यादीत खाली सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा पर्याय असतो, तो निवडायचा, मग नावं नीट राहतात. मला हे शोधायला एक पूर्ण संध्याकाळ लागली होती म्हणून मुद्दाम लिहितेय.

फोटोमागचं बॅकग्राउंड एका टिचकीत काढता येतं, एकच डिझाइन फेसबुक, स्टेटस आणि ए-फोर अशा मापांत बदलता येतं, हे पण प्रोमध्ये येतं आणि रोजच्या कामाला लागतं. फ्लेक्ससाठी आम्ही ज्या प्रमाणात फ्लेक्स आहे त्याच प्रमाणात लहान मापाचं डिझाइन करतो आणि पीडीएफ प्रिंट असा पर्याय घेऊन काढतो, म्हणजे मोठं केल्यावर अक्षरं फुटत नाहीत. फक्त फोटो मूळचा मोठा असायला हवा, व्हॉट्सॲपवरून आलेला बारका फोटो दहा फुटांवर नेला तर तो विस्कटणारच, त्याला सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

आता मराठीबद्दल, कारण माझ्या दृष्टीने निवड इथंच होते. सॉफ्टवेअर कितीही सोपं असो, आपली अक्षरं मोडत असतील तर उपयोग शून्य. मी कुठलंही नवीन ॲप घेतलं की त्यात पहिल्यांदा एकच ओळ टाइप करून बघते : "दुसऱ्या वर्गातल्या कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी ॲडमिशन सुरू". यात ऱ्या आहे, म्हणजे तो अर्ध्या चंद्रासारखा र, तो कित्येक ठिकाणी नीट येत नाही, एकतर र सुटा पडतो आणि खाली पाय मोडलेला दिसतो नाहीतर वर रफार जाऊन "दुसर्या" होतं. ॲ आहे, तो काही फॉन्टमध्ये नसतोच, मग तिथं रिकामा चौकोन येतो. र्ग आहे, त्यात रफार कुठं बसतो ते कळतं. ही ओळ नीट आली तर पुढं बघायचं नाहीतर तिथंच सोडायचं. एका फोनवरच्या ॲपमध्ये तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या डावीकडं यायच्या ऐवजी उजवीकडं दिसत होता, आणि तसा व्हिडिओ आम्ही एकदा गडबडीत पाठवला पण होता, मुलांच्या शिक्षणाबद्दलचा व्हिडिओ आणि त्यात शिक्षण हाच शब्द मोडलेला. फार वाईट वाटलं होतं.

कॅनव्हात मुक्ता आणि हिंद हे फॉन्ट आहेत, दोन्हीत माझी ओळ बरोबर येते. मुक्ता मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला आहे, मोकळा ढाकळा आहे, पोस्टरवर लांबून वाचता येतो, आम्ही सगळीकडे तोच ठेवलाय. शिवाय प्रोमध्ये स्वतःचा फॉन्ट चढवता येतो म्हणून टिरो देवनागरी मराठी हा गूगल फॉन्ट्सवरचा फुकट फॉन्ट आम्ही चढवलाय. यातले ल आणि श आपल्या पद्धतीचे आहेत, आपण शाळेत गिरवतो तसे, हिंदीसारखे नाहीत. बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही पण फरक जाणवतो. एका आजोबांनी आमचं पत्रक हातात घेऊन म्हटलं होतं की हे पूर्वीच्या पुस्तकासारखं वाटतंय. मला तेवढंच हवं होतं.

उणे बाजू पण लिहायला पाहिजे. कॅनव्हा हे मुळात नेटवर चालणारं आहे. आमच्या दोन वसतिगृहांवर रेंज फक्त गच्चीवर येते, तिथल्या ताई संध्याकाळी गच्चीवर बसून करतात. तयार टेम्पलेट हजारो आहेत पण ते आपल्या गावाचे नाहीत, त्यातली चित्रं, घरं, माणसं सगळी दुसरीकडची वाटतात, त्यामुळे मी तयार टेम्पलेट जवळजवळ वापरतच नाही, कोऱ्या पानावरून सुरू करते. आणि टीममधल्या सगळ्यांना सगळं दिसतं आणि बदलता येतं अशी व्यवस्था ठेवली तर मूळ टेम्पलेटवरच कुणीतरी आपलं काम करून ठेवतं, म्हणून फोल्डर करून कुणाला नुसतं बघायचं आणि कुणाला बदलायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा. अजून एक, संस्थेचं अकाउंट संस्थेच्या मेलवर काढा, कार्यकर्त्याच्या वैयक्तिक मेलवर नको. माणसं नोकरी बदलतात, त्यांचा दोष नसतो, पण त्यांच्याबरोबर आपलं सगळं काम जातं.

हल्ली त्यात एआयने चित्र करणं, फोटोतली वस्तू पुसणं, नवीन घालणं हे पण आलंय. आम्ही संस्थेत लिहून ठेवलंय की मुलांच्या आणि पालकांच्या फोटोत एआयने काहीही घालायचं नाही आणि काढायचं नाही. दोर किंवा बादली मधे आली तरी चालेल. देणगीदार आमच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे देतो, त्याला दाखवलेलं ताट खरंच तेवढंच भरलेलं असलं पाहिजे.

फोटो सुधारायला फोनवर स्नॅपसीड. गूगलचं आहे, फुकट, जाहिराती नाहीत, फोटोवर शिक्का येत नाही. याबद्दल मी भरभरून बोलू शकते. आमचे फोटो सगळे भर उन्हातले नाहीतर पत्र्याच्या खोलीतले, मागं दारातून पांढराफेक उजेड आणि पुढं मुलाचा चेहरा काळोखात. अख्ख्या फोटोचा ब्राइटनेस वाढवला तर मागचं सगळं पांढरं होऊन जातं. स्नॅपसीडमध्ये सिलेक्टिव्ह म्हणून आहे, त्यात चेहऱ्यावर बोट ठेवलं की एक टिंब उमटतं, दोन बोटांनी त्याचं वर्तुळ चेहऱ्यापुरतं लहान करायचं, मग बोट आडवं उजवीकडं सरकवलं की तेवढाच भाग उजळतो. बाकी फोटो जसाच्या तसा. एका मुलाचा पाटीवर लिहितानाचा फोटो होता, त्यात चेहरा दिसतच नव्हता, नुसती पाटी आणि हात. हे केल्यावर त्याची जीभ किंचित दाताखाली धरलेली दिसली, लिहिताना पोरं धरतात ना तशी. तो फोटो आम्ही वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतला.

पण उजळणं म्हणजे गोरं करणं नव्हे, हे मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते. फोनचे ब्युटी फिल्टर पहिले बंद. उन्हातान्हातली रापलेली पोरं आहेत ती, त्यांचा रंग बदलून आपण त्यांना कुणासारखं दाखवतोय? एका मुलीने फिल्टर लावलेला स्वतःचा फोटो बघून विचारलं होतं की ही मी आहे का.

भिंत किंवा फळा वाकडा आला असेल तर पर्स्पेक्टिव्हने सरळ होतो, वर्गाच्या फोटोंना लागतंच. सीएसआरवाल्यांना, म्हणजे निधी देणाऱ्या कंपन्यांना, जिओटॅगचे फोटो लागतात, खाली नकाशा आणि तारीख येते ते, ते वेगळ्या कॅमेरा ॲपने काढलेले असतात आणि त्यांना आम्ही हात लावत नाही, जसेच्या तसे रिपोर्टला जातात. पोस्टरसाठी वेगळे साधे फोटो काढायचे. आणि ऑफिसला पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नाहीतर तो बारीक करून पाठवतो. एवढी एक सवय लागली तरी फोटोंचा दर्जा दुप्पट वाटायला लागतो.

व्हिडिओ. इथं एकाच सॉफ्टवेअरवर भागत नाही. अर्ध्या-एक मिनिटाचं, चार फोटो दोन क्लिप आणि वर मजकूर एवढंच असेल तर कॅनव्हातच होतं, ताई करतात. पण कुणी बोललेलं कापायचं असेल, मधला खोकला काढायचा असेल, तर तिथं जीव मेटाकुटीला येतो, तो त्याचा प्रांतच नाही. ऑफिसात विंडोज ११ असेल तर त्यात क्लिपचॅम्प आधीच असतं, ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये घेतली. फुकटात १०८०पी म्हणजे फुल एचडीपर्यंत व्हिडिओ निघतो आणि वॉटरमार्क, म्हणजे त्यांच्या नावाचा शिक्का, येत नाही. ज्याने कधीच टाइमलाइन बघितलेली नाही त्याने इथून सुरुवात करावी, खाली पट्टी, पट्टीवर क्लिप, हवी तिथं कात्री, एवढं अर्ध्या तासात कळतं.

आम्ही मात्र मोठ्या व्हिडिओसाठी शॉटकटवर स्थिरावलोय. हे ओपन सोर्स, कायमचं फुकट, नोंदणी नाही, लॉगिन नाही, नेट नाही. लाइट असली की काम चालू. दिसायला रुक्ष आहे आणि पहिले दोन दिवस राग येतो हे कबूल. पण आमच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, त्यात प्रॉक्सी म्हणून सोय आहे, ती चालू केली की मोठ्या व्हिडिओची हलकी कॉपी करून त्यावर काम करता येतं आणि शेवटी निघताना मूळ क्वालिटीचाच निघतो. मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर जो फॉन्ट टाकलाय त्यातलीच घेतं, आम्ही मुक्ता टाकलाय, माझी ती ओळ नीट येते.

यातल्या दोन गोष्टी नीट समजून घ्या म्हणजे बाकी सोपं आहे. एक म्हणजे फोनवरचा व्हिडिओ सुरुवातीला बरोबर असतो आणि पुढंपुढं ओठ आणि आवाज यांची गाठ सुटत जाते, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. कारण फोन सेकंदाला कायम सारख्याच फ्रेम घेत नाही, उजेडाप्रमाणे कमीजास्त करतो. शॉटकटमध्ये असा व्हिडिओ टाकला की ते स्वतःच विचारतं, एडिट-फ्रेंडली रूपात बदलून घेऊ का. आपण घाईत नको म्हणतो, तिथं हो म्हणायचं. फाईल मोठी होते, वेळ लागतो, पण आवाज जागेवर राहतो. दुसरं म्हणजे शॉटकटच्या प्रोजेक्ट फाईलमध्ये व्हिडिओ नसतो, व्हिडिओ कुठं ठेवलाय त्याचा फक्त पत्ता असतो. म्हणून आधी एक फोल्डर करायचं, सगळ्या क्लिप, फोटो, आवाज त्यात टाकायचे आणि मगच सुरुवात. नंतर नुसती प्रोजेक्ट फाईल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्याकडे गेलात तर तिथं काहीच दिसणार नाही, अख्खं फोल्डर न्यायचं.

मागच्या हंगामात एका आईचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, कारखान्यावर जायच्या आदल्या रात्री, बाडबिस्तरा बांधता बांधता. बावीस मिनिटं होतं. देणगीदारांना तीन मिनिटांचं हवं होतं. मी शॉटकटवर चार संध्याकाळी बसले. पहिल्यांदा मी तिचे सगळे थांबे कापून टाकले, म्हणजे बोलता बोलता ती गप्प व्हायची, दोरीची गाठ मारायची आणि मग पुढं बोलायची, ते सगळं काढलं आणि सलग बोलणं लावलं. बघितलं तर बाई भाषण देतेय असं वाटायला लागलं. मग परत पहिल्यापासून केलं, थांबे ठेवले आणि वाक्यं कमी केली. "पोरगी हितं राहिली तर शिकंल, न्हाईतर माझ्यासारखी" एवढं बोलून ती गाठ मारते आणि पाच-सहा सेकंद काही बोलत नाही. ते सेकंद आता व्हिडिओत आहेत. खाली मराठी ओळी दिल्या नाहीत कारण तिचं बोलणं ज्याला मराठी येतं त्याला कळतंच, इंग्रजी सबटायटल दिल्या. मराठी ओळी लागतात तेव्हा मी जीबोर्ड या फोनवरच्या गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करते आणि मग चुका काढते, हाताने टाइप करण्यापेक्षा पुष्कळ वेळ वाचतो, पण गावाकडची बोली तो प्रमाण करून टाकतो, ते परत तिच्या शब्दांत आणावं लागतं. ती जसं बोलली तसंच लिहायचं.

संगीतासाठी यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे, तिथलं घ्या, सिनेमातलं गाणं लावू नका, हक्काचा दावा येतो आणि व्हिडिओचा आवाज जातो.

आता चेहऱ्यांबद्दल, आणि हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधी यायला हवं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख, नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीच माध्यमात उघड करता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये पण अशीच बंदी आहे. आमच्याकडची बरीच मुलं नातेवाइकांकडून, अवघड घरांतून आलेली असतात, कुणाची केस बालकल्याण समितीपुढं असते. त्यामुळे आमच्याकडे एक वही आहे, त्यात पालकांची सही नाहीतर अंगठा, आणि कुठल्या कामासाठी फोटो वापरणार ते मराठीत वाचून दाखवून. सही नाही तर फोटो नाही. आणि सही असली तरी मुलाला विचारायचं, तो नको म्हणाला तर नाही. चेहरा झाकायचा असेल तर फोटोसाठी सिग्नल या मेसेजच्या ॲपमध्ये ब्लर आहे, चेहरे स्वतः शोधून पुसट करतं, चुकून राहिलेला बोटाने झाकता येतो. व्हिडिओसाठी यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये चेहरे ब्लर करायची सोय आहे, आधी व्हिडिओ प्रायव्हेट ठेवून चढवायचा, ब्लर करायचा, पूर्ण बघायचा, मगच पब्लिक. आणि जास्त वेळा आम्ही सरळ पाठमोरे, हातांचे, वह्यांचे, चपलांच्या रांगेचे फोटो घेतो. त्यात ब्लरची गरजच पडत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. अडोबी एक्स्प्रेस पण संस्थांना प्रीमियम फुकट देतं, ज्यांना कॅनव्हा नको त्यांनी ते बघावं. फोटोपिया हे ब्राउझरमध्ये चालतं आणि डिझायनरने दिलेली पीएसडी म्हणजे फोटोशॉपची फाईल उघडतं, त्यासाठी लक्षात ठेवा. फोटो एडिटिंगचं गिंप १९९६ पासून आहे, ताकदीचं आहे, पण आमच्या ताईंना ते शिकवायला मी जाणार नाही, त्यांचा वेळ मुलांसाठी आहे. व्हिडिओसाठी डाविंची रिझॉल्व्हचं फुकटचं व्हर्जन फारच भारी आहे आणि वॉटरमार्क पण नाही, पण त्याला १६ जीबी रॅमचा दणकट कॉम्प्युटर लागतो, आमच्याकडे नाही. फोनवर काईनमास्टर आणि इनशॉट बरेच जण वापरतात, फुकटात दोन्हींचा शिक्का उमटतो, संस्थेच्या व्हिडिओवर दुसऱ्याचं नाव बरं दिसत नाही. त्यापेक्षा इन्स्टाग्रामचं एडिट्स घ्या, २०२५ मध्ये आलंय, शिक्का नाही. कॅपकट भारतात बंद आहे, कुणी आडमार्गाने टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा.

आमचं शिकवणं कसं होतं तेही सांगते कारण नुसतं सॉफ्टवेअर देऊन काही होत नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी, भादव्यात, दोन दिवस सगळ्या ताईंना एकत्र बोलावतो. पहिला दिवस फक्त फोटो काढणं आणि संमतीची वही. एडिटिंगचं नाव पण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नॅपसीडमधली तीनच हत्यारं, दुपारी कॅनव्हाचा एक टेम्पलेट, आणि प्रत्येकीने आपल्याच वसतिगृहाचं एक पोस्टर करून भिंतीवर लावल्याशिवाय घरी जायचं नाही. शॉटकट फक्त दोघींना शिकवलंय, ज्यांना स्वतःला हवं होतं त्यांना.

यंदाच्या पालक मेळाव्याचा फ्लेक्स पूर्णपणे वसतिगृहावर झाला, माझ्याकडे तो छापायला गेल्यावर आला. मी फक्त फोन करून विचारलं की "कष्टकऱ्यांच्या" बरोबर आलंय ना. ताई म्हणाल्या, मॅडम, पहिलं तेच बघितलं.